निकालानयनमीमांसा

माणूस कोणत्या भाषेत बोलतोय हे यंत्राला विचारणं सोपं आहे. यंत्रानं ते सांगणंही आता फारसं अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते सांगितलेलं उत्तर घरी आणणं. या मधल्या खटाटोपावर मराठीत एकही ग्रंथ आमच्या पाहण्यात आला नाही, म्हणून तो लिहायला आम्हीच बसलो. शास्त्राचं नावही आम्हीच ठेवलं: निकालानयन. निकाल अधिक आनयन. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त संस्कृत शिक्षक या समासाला हरकत घेतात. पहिलं पद बाजारातलं, दुसरं पाठशाळेतलं, म्हणजे धोतरावर टाय, असं त्यांचं म्हणणं. आम्ही त्यांना नम्रपणे सांगितलं की धोतरावरचा टाय हाच आमच्या संशोधनाचा विषय आहे. तेव्हापासून ते जिन्यात भेटले की नुसते हसतात.

पूर्वपक्ष असा: भाषा ओळखायला यंत्र कशाला, देवानं दोन कान दिलेत ना? हा आक्षेप घेणाऱ्याला एक दिवस आमच्या कचेरीत आणून बसवावं. तिथे देशभरातून तक्रारींचे फोन येतात, त्यांचं रेकॉर्डिंग होतं आणि प्रत्येक रेकॉर्डिंग ज्याला ती भाषा येते त्याच्या टेबलावर जावं लागतं. आमचे दोन कान मराठी, हिंदी आणि पोटापुरती इंग्रजी यांच्यापलीकडे बहिरे. तेलुगूतली तक्रार कन्नडवाल्याकडे गेली की तो ती तमिळवाल्याकडे ढकलायचा, तमिळवाला मल्याळमवाल्याकडे, आणि तीन दिवसांनी ती 'समजत नाही' असा शेरा घेऊन आमच्याच टेबलावर परत यायची. शेवटी ओळखण्याचं काम एका वेबसेवेला द्यायचं ठरलं. सेवेचं नाव सांगत नाही. शास्त्रात व्यक्तिनिर्देश टाळावा असा संकेत आहे, शिवाय तिच्याशी आमचा करार आहे.

सेवेकडे रेकॉर्डिंग पाठवणं याला कचेरीत 'रिक्वेस्ट मारणं' म्हणतात. रिक्वेस्ट मारली की सेवा तत्काळ उत्तर देते, आणि नवखा माणूस इथेच फसतो. आलेलं उत्तर भाषेचं नसतं, पावतीचं असतं. तुमचं काम घेतलं, त्याचा क्रमांक अमुक, स्थिती 'चालू आहे'. एचटीटीपीच्या परिभाषेत याला २०२ हा आकडा आहे. २०० म्हणजे झालं, २०२ म्हणजे ठेवून जा.

'ठेवून जा' हे वाक्य मराठी माणसाला नवं नाही. पिठाच्या गिरणीत तो ते लहानपणापासून ऐकत आलाय. गिरणीवाला डब्याच्या झाकणावर खडूनं आकडा घालतो, आपल्याकडे न बघता म्हणतो, ठेवून जा. डबा ठेवला म्हणजे पीठ मिळालं असं समजणारा माणूस आम्ही अजून पाहिला नाही. पण तोच माणूस संगणकापुढे बसला आणि २०२ दिसला की साहेबांना 'डन सर' असा मेल टाकून चहाला जातो. याला आम्ही निकालाभास म्हणतो.

कामाचा क्रमांक हा बारा-पंधरा अक्षरांचा, उच्चार करता येऊ नये अशी काळजी घेऊन बनवलेला असतो. तो हरवला तर निकाल तयार होऊनही तुमचा राहत नाही. आम्ही एकदा तो पोळीभाजी केंद्राच्या पावतीमागे लिहून ठेवला होता. पावती दाखवून डबा घेतला आणि ती तिथेच काउंटरवर राहिली. मग तेच रेकॉर्डिंग पुन्हा पाठवलं. सेवेनं ते पहिल्यांदाच पाहिल्यासारखं घेतलं, नवा क्रमांक दिला आणि दोन्ही वेळचे पैसे लावले. गिरणीवाला निदान चेहरा ओळखतो.

पावती हातात आली की शास्त्राचा खरा प्रांत सुरू होतो. आता सेवेला विचारत राहायचं: झालं का? नाही. झालं का? नाही. याला पोलिंग म्हणतात. मतदानाशी याचा संबंध एवढाच की दोन्हीकडे निकालाची वाट बघावी लागते आणि मधल्या काळात ठाम मतं मांडणाऱ्यांना काहीही माहीत नसतं. गीतेनं फळावर डोळा ठेवू नको म्हणून बजावलंय. पोलिंग म्हणजे फळावर दर दोन सेकंदांनी डोळा ठेवणं.

किती वेळानं विचारावं, हा या शास्त्रातला सर्वांत गहन प्रश्न. जाणकारांचं मत असं: आधी एक सेकंद थांबा, मग दोन, मग चार, आठ, सोळा. नकार मिळेल तसं अंतर दुप्पट करत जा. हे वाचून आम्ही थक्क झालो, कारण दिवाळीच्या तोंडावर शिंप्याशी वागण्याची आपली परंपरा याच्या बरोबर उलट आहे. आधी आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड, मग सकाळ-संध्याकाळ, आणि वसुबारसेच्या दिवशी माणूस दुकानातल्या स्टुलावर बसूनच राहतो, काजं होईपर्यंत. शिंप्यावर हा उपाय चालतो, कारण शिंप्याला भीड असते. सर्व्हरला ती नसते. तो ४२९ फेकतो, म्हणजे फार वेळा विचारलंत. सोबत कधी कधी अमुक सेकंदांनी या अशी चिठ्ठीही असते. शिंप्याच्या 'परवा या'पेक्षा ती पुष्कळ प्रामाणिक, एवढं मात्र आम्ही निःपक्षपणे नोंदवतो.

यात आणखी एक बारकावा आहे. सगळ्यांनीच एक, दोन, चार, आठ असं मोजून थांबायचं ठरवलं तर सगळे पुन्हा एकाच क्षणी दारात येतात. म्हणून प्रत्येकानं आपल्या थांबण्यात थोडा मनमानी वेळ मिसळावा असं शास्त्र सांगतं. गणपतीला कोकणात जाणाऱ्या मुंबईकराला हे समजावून सांगावं लागणार नाही. गर्दी नको म्हणून सगळेच पहाटे तीनला निघतात आणि वडखळला पहाटेचीच गर्दी होते.

ज्यांना विचारत बसायचं नाही त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. आपला पत्ता देऊन ठेवायचा, निकाल तयार झाला की सेवाच तो घरपोच करते. तज्ज्ञ मंडळी याच मार्गाची शिफारस करतात. आम्हीही पत्ता दिला. सेवेनं निकाल वेळेवर पाठवला. आमच्या कचेरीच्या फायरवॉलनं तो दारातूनच परत पाठवला, कारण फायरवॉलला सोसायटीच्या वॉचमनप्रमाणे फक्त ओळखीची माणसं आत सोडायची सूचना होती. आम्ही पुन्हा पोलिंगवर आलो.

आता थोडा इतिहास, कारण इतिहासाशिवाय शास्त्राला वजन येत नाही.

भाषा ओळखण्याची पहिली नोंदलेली सेवा बिरबलाची. दरबारात एक पंडित येतो, सगळ्या भाषा अस्खलित बोलतो, माझी मातृभाषा ओळखून दाखवा म्हणतो. बिरबल रात्री तो झोपला असताना त्याच्या अंगावर गार पाणी ओततो आणि पंडित मातृभाषेत किंचाळतो. शास्त्रदृष्ट्या ही पद्धत आजच्यापेक्षा सरस आहे. नमुना एका किंकाळीचा, निकाल हातोहात, पोलिंग नाही, पावती नाही. फक्त एका रात्रीचा विलंब आणि पंडिताची सर्दी. ती भाषा कोणती निघाली हे मात्र गोष्ट सांगणारा कुठला यावर ठरतं, आणि हा दोष पुढेही राहिला, ते पुढे दिसेलच.

मग ग्रिअर्सन. १८८६ साली व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेत भारतातल्या भाषांच्या पाहणीची कल्पना पुढे आली, आणि सर जॉर्ज ग्रिअर्सन यांनी ती पार पाडली. पद्धत पाहा. त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून आधी बोलींच्या याद्या मागवल्या, मग नमुने. प्रत्येक बोलीत बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट लिहून पाठवा, म्हणजे तुलना करता येईल. पत्र जायचं, पोच यायची, मग वाट. जिल्ह्याचा साहेब दौऱ्यावर, कारकून रजेवर. मराठीचा खंड १९०५ साली निघाला, शेवटचं काम १९२८ साली संपलं. हिशेबात १७९ भाषा आणि ५४४ बोली आल्या, आणि मद्रास इलाखा, हैदराबाद, म्हैसूर हे प्रांत तर पाहणीत नव्हतेच. आमच्या परिभाषेत हे तीन दशकांचं पोलिंग झालं, आणि त्यातला बराच काळ ग्रिअर्सनसाहेब स्वतः इंग्लंडात कॅम्बर्लीला बसून वाट बघत होते. अंतर दुप्पट करत जाण्याचं तत्त्व त्यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे. त्यांच्या लक्षात आलेली एक गोष्ट मात्र आम्ही जपून ठेवली आहे: सामान्य माणसाला आपल्या बोलीचं नाव ठाऊक नसतं. ते नाव शेजारच्या मुलखातले लोक ठेवतात.

ठाऊक असलं तरी त्यानं फार काही साधतं असं नाही. २०११च्या जनगणनेत लोकांनी आपल्या मातृभाषेची म्हणून जी नावं सांगितली ती १९,५६९ भरली. सरकारी गाळणीतून १,३६९ खाली उतरली.

यंत्रांच्या इतिहासात आम्ही फार शिरत नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये सुरुवात झाली, १९९६पासून अमेरिकेचीच निस्ट ही संस्था अशा यंत्रांची परीक्षा घेऊ लागली, आणि मग एकेक भाषा यादीत चढत गेली. यादी हा शब्द वाचकानं डोक्यात ठेवावा. ओपनएआयनं सप्टेंबर २०२२मध्ये खुलं केलेलं व्हिस्पर नावाचं यंत्र घ्या. त्याच्या मूळ यादीत शंभराला एक कमी इतक्या भाषा आहेत. मराठी आहे. संस्कृतही आहे. कोकणी नाही, उडियाही नाही. म्हणजे म्हापशाच्या बाजारात बांगडे विकणारी बाई जी भाषा दिवसभर बोलते ती यादीबाहेर, आणि आमच्या वरच्या मजल्यावरचे शिक्षक जी सकाळी अंघोळीच्या वेळी बोलतात ती यादीत. हे त्यांना कळवलं तेव्हा ते जिन्यात पहिल्यांदाच थांबले आणि यंत्र कुठल्या विद्यापीठाचं आहे म्हणून चौकशी केली.

आता त्या बांगडेवालीचं बोलणं यंत्रापुढे ठेवलं तर काय होईल? यंत्र 'ठाऊक नाही' म्हणत नाही. ते तिला यादीतल्या जवळच्या खुर्चीवर बसवतं, आणि ती खुर्ची बहुधा मराठीची असते. कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, या वादात गोव्यात पिढ्या खर्ची पडल्या. १९८७चा राजभाषा कायदा झाला, १९९२ साली कोकणी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. आणि इथे एक यंत्र त्या वादाचा निकाल देतं, तेही कोकणी नावाची भाषा आहे हे त्याच्या गावीही नसताना.

यंत्र ऐकतं कसं, हे एकदा जवळून पाहू. एका सेकंदाचा आवाज म्हणजे त्याला सोळा हजार आकडे. मूळ व्हिस्पर तीस सेकंदांचा तुकडा घेतं, म्हणजे चार लाख ऐंशी हजार आकडे. त्याचे सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढ्या पावलानं तीन हजार काप करायचे, प्रत्येक कापात ऐंशी पट्ट्या, आणि कोणत्या पट्टीत किती जोर आहे ते लिहायचं. झालं. शब्द नाही, अर्थ नाही. 'आग लागली' आणि 'चहा टाकू का' यांत त्याला सारखाच रस. उरते ती आवाजांची मुरड: कोणता स्वर किती लांबला, कोणत्या व्यंजनामागून काय आलं, वाक्याचं शेपूट वर गेलं की खाली.

मराठी माणसाला वाटतं, आपलं काम सोपं आहे, आपल्याकडे ळ आहे. हिंदीवाल्यांपुढे तो चालतोही. पण ळ कन्नडकडे आहे, गुजरातीकडे आहे, तमिळकडे आहे. बरं, मग चमच्यातला च आणि चहातला च हे वेगळे, हे तरी आपलंच ना? तेलुगूकडेही ही जोडी आहे. एका अक्षरावर मालकी सांगून इथे भागत नाही. सगळं मिळून जे कडबोळं होतं त्यावर यंत्र अंदाज बांधतं.

त्यात काही सेवा सुरुवातीच्या मोजक्या सेकंदांवरच निकाल देतात. मराठी माणसाच्या फोनची सुरुवातीची सेकंदं अशी असतात: हॅलो. हॅलो? हां, हॅलो. आवाज येतोय? हॅलो. एक मिनिट हं, बाहेर येतो. यात पुराव्याला किती मजकूर मिळाला ते वाचकानंच मोजावं. पुढे तक्रार मराठीत होते, मोबाइल नंबर इंग्रजीत सांगितला जातो, आणि सोडवायला उशीर झाला तर उरलेलं हिंदीत. असा माणूस कोणत्या टेबलावर पाठवायचा, याचं उत्तर आम्हाला अजून सापडलेलं नाही. सध्या आम्ही त्याला आमच्याच टेबलावर ठेवतो.

संज्ञाप्रकरण थोडक्यात उरकतो. निकालात भाषेचं नाव येत नाही, सांकेतिक अक्षरं येतात. मराठीची दोन अक्षरी खूण एमआर. आमच्या गल्लीत एमआर म्हणजे औषध कंपनीची बॅग घेऊन दवाखान्यात ताटकळणारा मुलगा, त्यामुळे पहिला निकाल पाहून आमच्या सहकाऱ्यानं तक्रारदार औषधं विकतो असं लिहून टाकलं होतं. तीन अक्षरी खुणा जास्त रसाळ आहेत. रोमन अक्षरं सरळ वाचली तर मराठी 'मार', तेलुगू 'तेल', कन्नड 'कान', मल्याळम 'माल', पंजाबी 'पान', कोकणी 'कोक'. जगातल्या कुठल्याच भाषेचा मजकूर नसलेल्या आवाजाला झेडएक्सएक्स ही स्वतंत्र खूण आहे, आणि ती घोरण्यासाठी राखीव असावी असं आमचं मत आहे. पण आमची सेवा ती कधी वापरत नाही. प्रयोगादाखल आम्ही कुकरच्या तीन शिट्ट्या पाठवल्या. वेल्श निघाली.

हे असं का होतं, याचं मूळ निकालातल्या आकड्यांत आहे. प्रत्येक भाषेपुढे शून्य ते एकमधला एक आकडा असतो, दशांशचिन्हापुढे चार स्थळं. इंग्रजीत त्याला जो शब्द आहे त्याचं मराठी 'खात्री' असंही होतं आणि 'आत्मविश्वास' असंही. आम्ही दुसरं भाषांतर स्वीकारलं आहे. हा आकडा यंत्राचा स्वतःबद्दलचा आहे, भाषेबद्दलचा नाही. आणि सगळ्या आकड्यांची बेरीज १ आलीच पाहिजे असं गणित आत बसवलेलं असतं. म्हणजे विश्वासाचा एकच रुपया, तो यादीतल्या मंडळींत वाटायचा, आणि शिल्लक ठेवायची नाही. कुकरलाही पूर्ण रुपया वाटावा लागतो. बहुधा वेल्शच्या शेजारी त्या दिवशी कुणी बसलं नव्हतं.

इथून आम्ही आमच्या मुख्य प्रयोगाकडे वळतो.

आमची आत्या बेळगावात शहापूरला राहते. मराठी प्राथमिक शाळेत तिनं सगळी नोकरी केली, आणि तीही गणित शिकवण्यात. आम्ही काय उद्योग करतो हे एकदा तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मग माझं घाल की त्यात. मराठी म्हणतंय काय बघू." परीक्षा तिनंच मागितली, हे आम्ही मुद्दाम नोंदवून ठेवतो. रेकॉर्डिंगमध्ये ती बोलली ते असं:

"मी परवा तुला कुंदा पाठवलो की. मिळाला म्हणून एक फोन करायला काय हुतं? खरं तुम्हा पुण्याच्या लोकांना वेळ कुठं असतो म्हणा."

पुणेकर वाचकांसाठी दोन टिपा मजकुरातच देतो. यातला 'खरं' म्हणजे सत्य नव्हे, 'खरं' म्हणजे 'पण'. आणि 'पाठवलो' म्हणणारी व्यक्ती बाईच आहे. तिकडच्या बायका 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. चाल कन्नडची, शब्द मराठीचे. पिठाच्या गिरणीत बाजरीच्या पाठोपाठ गहू टाकला की पहिल्या दोन मुठी पिठाला करडा रंग येतो, पण पोळी गव्हाचीच होते. तसं काहीसं.

सेवेला यादी द्यावी लागते, कोणत्या भाषांतून निवडायचं. आम्ही चार दिल्या: मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी. रिक्वेस्ट मारली. पावती आली. एक सेकंद, 'चालू आहे'. दोन सेकंद, 'चालू आहे'. मग 'पूर्ण'. निकाल आणला:

कन्नड ०.४८७१. मराठी ०.४३९०. हिंदी ०.०६२२. इंग्रजी ०.०११७.

आम्ही खुर्चीवर बसूनच होतो, तरी पुन्हा बसलो. १९५६ साली १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. १९६६ साली महाजन आयोग नेमला, त्याचा अहवाल १९६७ साली आला, महाराष्ट्रानं तो मानला नाही. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. आत्याच्या घरी १ नोव्हेंबरला अजून चूल उशिरा पेटते. आणि यंत्रानं तीन सेकंदांत सांगितलं, कन्नड, तेही पाच पैशांच्या फरकानं. हे तिला कळवायची आमची छाती झाली नाही.

तिचा फोन दर आठवड्याला येतो. "निकाल लागला काय रे?" आम्ही सांगायचो, "प्रक्रिया चालू आहे, आत्या." शास्त्रात याला खोटं म्हणत नाहीत. सेवा हेच वाक्य दिवसातून लाखो वेळा उच्चारत असेल.

पाचव्या आठवड्यात आम्हाला एक युक्ती सुचली, आणि ती शास्त्रसंमत होती हे आधीच सांगतो. रेकॉर्डिंग तेच ठेवलं, यादीतून कन्नड काढलं. रिक्वेस्ट, पावती, वाट, निकाल:

मराठी ०.८५५९. हिंदी ०.१२१३. इंग्रजी ०.०२२८.

आत्यानं मधल्या काळात एक अक्षरही बदललं नव्हतं. तिचं मराठीपण मात्र चव्वेचाळीस पैशांवरून शहाऐंशी पैशांवर गेलं होतं. समोरच्या उमेदवाराचा अर्जच बाद झाला की माणूस किती लोकप्रिय ठरतो हे ग्रामपंचायतीच्या निवडणुका पाहिलेल्यांना माहीत आहे. यंत्रानं खोटं काही सांगितलं नव्हतं. रुपया तोच, वाटेकरी एक कमी. वरच्या मजल्यावरच्या शिक्षकांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, याला न्यायशास्त्रात हेत्वाभास म्हणतात. आम्ही म्हटलं, आमच्या शास्त्रात याला कॉन्फिगरेशन म्हणतात.

त्याच संध्याकाळी आत्याला फोन लावला. "आत्या, निकाल लागला. मराठी. शंभरात शहाऐंशी."

पलीकडे थोडा वेळ काही नाही. मग, "आणि उरलेलं चौदा?"

गणिताची बाई. "बारा हिंदी," आम्ही म्हटलं, "दोन इंग्रजी."

"हिंदी? मी कधी बोललो हिंदी?"

"मालिका बघतेस ना, त्यातून आलं असेल."

"बरं, असंल. खरं कन्नड कितीला हाय?"

आम्ही गप्प.

"अरे, चाळीस वर्षं झाली, भाजी कन्नडमध्ये घेतोय, शेजारणीशी कन्नडमध्ये बोलतोय, बसमध्ये भांडतोय ते बी कन्नडमध्येच. मालिकेचं बारा धरलास, आणि चाळीस वर्षांचं शून्य? बेरीज शंभर आली म्हणून गणित बरोबर हुतं काय?"

आम्ही पहिला निकाल काढून तिला वाचून दाखवावा म्हणून तो जुना क्रमांक शोधला. या वेळी तो जपून ठेवला होता. रिक्वेस्ट मारली. ४०४. निकाल तीस दिवसच ठेवतात, आणि आदल्या दिवशी तीस दिवस पुरे झाले होते.

"आत्या," आम्ही म्हटलं, "पहिला निकाल पुसला गेला."

"मग परत आण की," ती म्हणाली. "आणि या वेळी सगळ्यांना बसवून मोज."